वस्तादाच्या विहिरीचं पाणी

आमच्या तालमीतले दोघं कुठंही भेटले की वस्तादाचा विषय निघतेच. घरच्या बायका म्हणतात, "झालं ह्यायचं सुरू." एकाचं सांगून होत नाही, तर दुसऱ्याले तिसरंच आठवते. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाच्या ह्या गोष्टी. गाव आमचं वरवट बकालपासून दोन कोसावर. सुखदेव वस्ताद आमचे गुरू, अन् तालमीतली विहीर त्यायनं स्वतः खोदलेली. आसपासच्या साऱ्या विहिरींचं पाणी खारं, हिचं तेवढं गोड. "हे पाणी पेलं की हाडाचं लोखंड होते," असं ते सांगत, अन् आम्ही घटाघटा पेत असू.

*

गावात ह्या पाण्यावर वाढलेल्या सगळ्यायच्या दातांवर तपकिरी पट्टे. तोच आमचा बिल्ला.

एकदा मलकापूरचा गुलाब नावाचा जवान तालमीत यायचं म्हणून आला. वस्तादानं त्याचे दंड पाह्यले नाहीत. म्हणाले, "तोंड उघड." दात पांढरेशुभ्र. वस्ताद हळहळले. "अंग चांगलं आहे बे, पण दात कच्चे आहेत तुये."

आठ दिवसांनी गडी दात मिश्रीनं काळे करून आला. मग घेतला त्याले.

*

पन्नाशीत वस्तादाची पाठ ताठ झाली. वाकता येईना, मान वळेना. कोणी हाक मारली की सगळं अंग घेऊन फिरत.

एकदा तहसीलदार गावात आले. पाटलापासून कोतवालापर्यंत सारे कमरेत वाकले, वस्ताद तसेच उभे.

"काय हो, तुमची मान झुकत नाही?"

"नाही साहेब. विहिरीचं पाणी आहे."

पुढं सहा महिने आम्ही पंचक्रोशीत छाती काढून फिरलो.

*

मग नारायणचं झालं. आमचा सगळ्यात तगडा पैलवान, अन् आखाड्याच्या पायरीवरून घसरला तर मांडीचं हाड मोडलं. गाडीत घालून अकोल्याले नेला. डॉक्टरनं एक्स-रे काढला, उजेडात धरला अन् म्हणाला, "इतकी जाड हाडं मी क्वचितच पाहिलीत."

वस्ताद आमच्याकडे फिरले. "ऐकलं का बे?" तो फोटो तालमीत मारुतीजवळ टांगायले मागितलासुद्धा.

"अहो, जाड आहे तरी मोडलं," डॉक्टर म्हणाला. "पाणी विहिरीचं पिता ना? त्यात फ्लोराईड असणार. ते हाडात भरत जातं. हाड जाड होतं, पण ठिसूळ होतं. तुमची पाठ, या सगळ्यांचे दात, कारण एकच."

वस्तादानं तो फोटो बाकावर ठेवला. मग एवढंच विचारलं, "लहान लेकराले?"

"त्यांनाच जपा. दात यायच्या आत पाणी बदला."

वस्तादाच्या घरी सहा महिन्यांची नात होती, यमुना. एक्स-रेचा फोटो बाकावरच राहिला.

*

दुसऱ्या दिवसापासून वस्ताद खांद्यावर कावड घेऊन नदीवर. एक कोस जायचं, एक कोस यायचं. वाकता येत नव्हतं, म्हणून घागरीले दोर बांधून उभ्यानंच पाणी ओढत. अर्धं पाणी तालमीले, अर्धं नातीले. आम्हाले पाहवेना.

"वस्ताद, आम्ही आणतो."

"विहीर कोणं खोदली?"

"तुमी."

"मंग सरका."

आम्ही सरकलो. हट्टी माणूस. पण त्या हट्टाचा आम्हाले आजही गर्व वाटते.

*

सात-आठ सालं गेली. यमुनेचे दुधाचे दात पडले अन् नवे आले. वस्ताद तिले घेऊन वरवटच्या बाजारात आले, आम्ही मागं. तिथं दुसऱ्या तालमीचा एक वस्ताद भेटला. पोरगी हसली अन् त्यानं नेमकं पाह्यलं.

"काऊन वस्ताद, तुमच्याच घरात कच्चे दात?"

बाजार ऐकून राह्यला होता. आमचे वस्ताद सगळं अंग घेऊन हळूहळू त्याच्याकडे फिरले.

"यमुने, तोंड उघड माय."

तिनं उघडलं. एक पट्टा नाही.

"नीट पाहा. एकेक दात नदीवरून वाहून आणला आहे म्या."

वस्ताद पुन्हा तसेच फिरले, आता आमच्याकडे, अन् आमच्यात मागं उभ्या गुलाबाले म्हणाले,

"जा बे, ते मिश्री धुऊन ये."