उमाक्काची सही

उमादेवी आमच्या जळकोटच्या गल्लीत ब्लाउज शिवते. लहानथोर सगळे तिला उमाक्का म्हणतात. गिऱ्हाइकानं कापड दिलं की ती ते त्याच्यासमोरच मोजून घेते, पुढं कुणी कापड कमी आलं म्हणू नये म्हणून. तिचा स्वभावच तसा. तरी माहेरच्या माणसांवर तिनं कधी संशय घेतला नव्हता. तो तिला वडील वारल्यावर घ्यावा लागला.

माहेर बिलोलीजवळच्या एका खेड्यात. आई आधीच गेलेली. वडील गेले तेव्हा मागं दोघंच राहिली, ही आणि धाकटा भाऊ बसलिंगप्पा. जमीन वडिलांच्याच नावावर होती. ती रस्त्याला लागून आणि काळी, आणि वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. दिवस झाले, पाहुणे पांगले आणि भावाचा फोन बंद झाला. पंचमीला लेकी माहेरी जातात, पण हिला दोन वर्षं कुणी बोलावलं नाही. तिसऱ्या वर्षी मात्र त्याचा फोन आला आणि मागोमाग दारात गाडीच उभी राहिली. फोनवर तो दोनदा म्हणाला होता, "अक्का, आधार कार्ड घेऊन ये बरं."

पंचमीला आधार कशाला, हे तिच्या मनात तेव्हाच आलं. पण माहेरची ओढ मोठी, म्हणून ती गाडीत बसली.

घरी पुरणाचा स्वयंपाक झालेला होता. भावजयीनं भारी साडी पुढं केली, पण तिच्या नजरेला नजर काही दिली नाही. ओसरीवर पांढऱ्या शर्टातला एक अनोळखी माणूस बसला होता. भाऊ म्हणाला, हा माझा दोस्त. त्या दोस्तानं चहा संपायच्या आत दोनदा घड्याळ बघितलं. जेवणं उरकली तेव्हा भावानं सांगितलं की आज बिलोलीला रजिस्ट्री ऑफिसात जाऊन येऊ, अप्पांच्या जागी आपली नावं लावायची आहेत, तुझी फक्त एक सही लागते.

उमाक्काला ते पटलं नाही. गल्लीतल्या एका घरात सासरा वारला होता, तेव्हा वारसांची नावं गावातल्या तलाठ्याकडंच लागलेली तिनं पाहिली होती. मग इथं बिलोली कशाला? आणि आपल्या घरच्या कामाला हा दोस्त बरोबर कशाला? तिनं विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाला की आता नियम बदलले.

गाडीत तो दोस्त पुढं बसला आणि वाटेत एकदाच मागं वळून म्हणाला, "ताई, साहेबांनी विचारलं तर हो म्हणायचं, बास."

त्या वाक्यानं तिचं मन पक्कं झालं. ऑफिसात भावानं कागद समोर धरले, सहीच्या जागा बोटानं दाखवल्या आणि पहिलं पान लगेच उलटलं. तिनं पेन खाली ठेवलं आणि मला वाचता येतं, मी वाचते, असं सांगितलं. मागं रांग वाढत होती. भाऊ कानाशी कुजबुजला की लोक बघून राहिले, घरी गेल्यावर निवांत वाच. पण टेबलामागचे साहेब थांबले. त्यांनी विचारलं, "बाई, हे हक्कसोडपत्र आहे. वडिलांच्या जमिनीतला तुमचा हिस्सा तुम्ही भावाला सोडून देताय. राजीखुशीनं देताय का?"

"न्हाई," उमाक्का म्हणाली. "मला नावं लावायची म्हणून आणलंय."

साहेबांनी कागद परत केले. बाहेर आल्यावर दोस्त मोटारसायकलवाल्या कुणाच्या तरी मागं बसून निघून गेला. भाऊ रस्त्यातच म्हणाला की तू चारचौघांत माझी अब्रू घालवलीस. त्यानं तिला घरी सोडलं नाही. ती बसनं आली आणि नवी साडी तिनं भावाच्या गाडीतच ठेवून दिली होती.

मला वाटलं, आता घरी तिला आधार मिळेल. नवरा रामलिंग तसा वाईट माणूस नव्हे. त्यानं सगळं ऐकलं, तू बरोबर केलंस म्हणाला आणि दुसऱ्याच दिवसापासून तिच्याशी लई गोड वागू लागला. सकाळचा चहा तो करायचा. मशीनला तेल घालायचा. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यानं त्या मशीनला कधी हात लावलेला नव्हता. एका संध्याकाळी तो एका ओळखीच्या माणसाला घेऊन आला. तुला बिलोलीला चकरा मारायला नकोत, माझ्या नावानं मुखत्यारपत्र कर, मी तुझा हिस्सा काढून आणतो, असं रामलिंगचं म्हणणं होतं. पुढं काय करायचं तेही त्यानं ठरवून टाकलं होतं. जमीन विकायची आणि लातूरला प्लॉट घ्यायचा.

"तुला काही करायचं न्हाई," तो म्हणाला. "फक्त एक सही."

हे ती मला सांगत होती तेव्हा तिच्या हातातली सुई थांबली होती. भावाचेच शब्द नवऱ्याच्या तोंडून आले होते. त्या दिवसापासून ती माणसांच्या बोलण्यापेक्षा त्यांच्या घाईकडं बघू लागली. स्वतःची पोरगी काही विचारायला आली तरी, हिला कुणी पाठवलं असेल, हा विचार आधी यायचा. तिला स्वतःचाच वीट येऊन राहिला होता, पण संशय काही सुटत नव्हता.

दोरे आणायला जाते असं सांगून ती नायगावला गेली. तिथं विशाखा नावाच्या एक वकीलबाई आहेत, त्यांचं नाव मीच तिला सुचवलं होतं. विशाखाताईंनी सरळ सांगितलं की वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही, तेव्हा मुलगा आणि मुलगी दोघांचा हक्क सारखा. लग्न झालं म्हणून तो जात नाही. तलाठ्याकडं वारसाचा अर्ज द्यायचा, नाव लागतं. आणि मुखत्यारपत्र म्हणजे दुसऱ्याच्या हातात आपला सहीचा हात काढून देणं, ते कुणालाच द्यायची गरज नाही. मग त्यांनी वकीलपत्र पुढं ठेवलं. उमाक्कानं त्यांच्याकडंही तसंच बघितलं आणि विचारलं की हे घरी नेऊन वाचलं तर चालेल का. ताई म्हणाल्या, न्या. चार दिवसांनी ती परत गेली, दोन शंका विचारल्या आणि मग सही केली.

घरी तिनं रामलिंगला सांगितलं, मुखत्यारपत्र होणार नाही. दुसऱ्या दिवसापासून चहा पुन्हा तिलाच करावा लागला. पण त्यानं अडवलं नाही.

तिनं तलाठ्याकडं वारसाचा अर्ज दिला, तेव्हा भावानं हरकत घेतली. बहिणीनं तोंडी हक्क सोडलाय, असं त्याचं म्हणणं होतं. तोंडी सोडलेलं चालत नसल्यानं हरकत टिकली नाही आणि उमाक्काचं नाव लागलं. पांढऱ्या शर्टातल्या त्या माणसाला रस्त्याकडेची जमीन प्लॉट पाडायला हवी होती, हे तेव्हा उघड झालं. कागदावर दोन नावं दिसताच तो दुसऱ्या गावच्या जमिनीमागं लागला. भावानं फोन करून सांगितलं की तुझ्यापायी माझं वाटोळं झालं. उमाक्कानं ऐकून घेतलं. तिला रडू आलं, पण ते फोन ठेवल्यावर.

पुढच्या उन्हाळ्यात वाटणी झाली. भावानं तिला ओढ्याकडची बाजू देऊ केली, अगदी हसून. तिनं ते रान अनवाणी पालथं घातलं. भर उन्हाळ्यात तिथं माती पायांना दमट लागत होती. म्हणजे पावसाळ्यात पाणी साचणार. ती म्हणाली, मग वाटे उभे पाडू, म्हणजे रस्ताही दोघांना आणि ओढाही दोघांना. विहीर भावाच्या वाट्यात गेली, तेव्हा तिच्यातलं निम्मं पाणी आणि पाइप न्यायची वाट तिनं वाटणीपत्रात घालून घेतली. मोजणीवाले हद्दीचे दगड रोवत होते तेव्हा ती प्रत्येक दगडापाशी उभी होती.

पहिल्या वर्षी तिनं आपलं रान भावालाच बटाईनं, पिकातल्या वाट्याच्या बोलीवर दिलं, पण लेखी. बसलिंगप्पानं तो करार ओसरीवर बसून अक्षर न् अक्षर वाचला.

"अक्का, माझ्यावर भरोसा न्हाई का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "पण रान तूच करावं असं वाटतंय."

त्यानं मान खाली घातली आणि सही केली. भावजयीनं चहा आणला आणि या खेपेला ती नणंदेजवळ टेकली.

यंदा तो करार तिनं पुढं वाढवला नाही. सोयाबीन तिनं स्वतः पेरलंय. पेरणीला रामलिंग बरोबर गेला होता. दर आठवड्याला ती सकाळच्या बसनं जाते, दिवसभर रानात असते आणि येताना भावाच्या घरी पाणी पिऊन येते. मी एकदा विचारलं, आता तरी मन निवांत हाय का? ती म्हणाली की मोटर चालू केली की अजून आधी भावाच्या तोंडाकडं बघते. तोही माझ्याकडं तसंच बघतो. मग दोघं पाण्याच्या पाळीचं बोलतो.

एवढं सांगून तिनं माझं कापड घेतलं आणि माझ्यासमोर मोजायला लागली.