धोंडूबाईच्या पाठीवरची सॅक

पायगोंडा आप्पा गेल्यापासून धोंडूबाईला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. नवरा गेला त्या दिवशी अख्खी गल्ली हंबरडा फोडून मोकळी झाली, आणि बायको मात्र आल्यागेल्याला बसायला जागा दाखवत होती. धक्का बसलाय, चार दिवसांनी रडेल, असं बायका आपापसात म्हणाल्या. चार दिवस झाले, पावसाळा होऊन गेला, उसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या, तरी हिच्या डोळ्याला पाणी नाही. शेवटी बायकांनीच नाद सोडला. रडणं ही काय देवळाची वर्गणी आहे, की प्रत्येक घरातून आलीच पाहिजे!

तशी ती काही भिंतीला टेकून बसून राहिली नव्हती. पहाटे उठून पाणी गाळायचं, म्हशीची धार काढायची, बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात, दर्शनाला जायचं आणि दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं. आप्पा होते तेव्हा हे सगळं दोघांचं होतं. आता ती एकटीच ताटावर बसायची. भाजीत मीठ होतं की नव्हतं, हे तिला ताट धुवून झाल्यावरही सांगता आलं नसतं.

एकुलता एक मुलगा वीरेंद्र बेळगावात. शहराजवळच्या मच्छे गावी एका कारखान्यात नोकरी, टिळकवाडीत फ्लॅट, बायको सौम्या शाळेत शिक्षिका. तो येईल तेव्हा म्हणायचा, "आई, चल की तिकडं." ती म्हणायची, "बघू." मनातून मात्र तिचं ठरलेलं होतं. त्या घरात पाणी मशीनमधून यायचं, जेवणं रात्री नऊला व्हायची, आणि पर्युषण कधी आलं नि कधी गेलं हे भिंतीवरच्या कॅलेंडरलाच माहीत. पोरगं आपलं आहे, पण आपल्यातलं राहिलेलं नाही, असा निकाल तिनं लावून टाकला होता. मग तिथं जाऊन करायचं काय? इथं निदान एकटीनं का होईना, पण आपल्या रीतीनं राहता येत होतं.

तर असाच एका रविवारी वीरेंद्र आला, चहा प्याला, आणि जाताना खुंटीला एक सॅक अडकवून गेला. "पिशव्या धरून बस चढतीस, हात मोकळं न्हाईत. कदी पडशील. ही पाठीवर घे," एवढंच म्हणाला. बोलघेवडेपणा त्या घराण्यातच नव्हता. आप्पा तर जन्मभर कशाचं कारण सांगितल्याशिवायच जगले.

दुसऱ्या दिवशी धोंडूबाईनं सॅक खाली काढली. ओल्या पाटीसारखा काळपट रंग. वास कोऱ्या ताडपत्रीचा. चेना इतक्या, की एक उघडावी तर आतून दुसरी निघे. पाठीच्या बाजूला कॉम्प्युटर ठेवायचा एक कप्पा होता, त्यात तिचं जेवायचं ताट बरोबर मावलं. कुशीला जाळीचा खिसा होता, त्यात गाळलेल्या पाण्याची बाटली बसली. छातीवर लावायचा एक पट्टाही होता, तो कशासाठी हे काही तिला कळलं नाही. वस्तू चांगली होती. चांगली आहे, हे तिला समजत होतं. बरं मात्र वाटत नव्हतं. कुणाच्या तरी दुसऱ्याच बाईची सॅक आपण तपासतोय, असं तिला वाटलं.

आणि मग तिला ते दिसलं. सॅकच्या दर्शनी बाजूला, वरच्या अंगाला, चौकोनात ओळीनं सुईची बारीक भोकं होती. मधे गोंदाचा चिकट डाग. चौकोनाच्या एका कोपऱ्याला कापड फाटलेलं, आणि ते काळ्या दोऱ्यानं हातानं शिवलेलं. टाकेसुद्धा वेडेवाकडे. म्हणजे सॅक नवी नव्हतीच! कुणीतरी वापरून, फाडून, शिवून टाकलेली.

तिनं तिथल्या तिथं फोन लावला. "व्हय रं, जुनी सॅक म्हातारीच्या गळ्यात घातलीस? फाटल्यालं शिवून आणून देतोस? नवी न्हाय घेयाची तर नगं घेऊ, पर असलं कशाला? तुझ्या आप्पानं कदी असलं आणलं न्हाई मला!"

 वीरेंद्र म्हणाला, "बरं, आई." आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. हिनंही केला नाही. शेजारच्या जयाबाईला तिनं सांगितलं, "वापरून टाकल्याली दिलीया," आणि विषय संपवला.

पण वस्तू घरात आहे म्हटल्यावर पडून ठेवणारी ती बाई नव्हती. निपाणीच्या बाजारादिवशी तिनं सॅक पाठीवर घेतली. पहिलीच फजिती पदराची झाली. डोक्यावरचा पदर पट्ट्याखाली अडकला, मान वळवली की पदर खाली. सॅक उतरवावी, पदर घ्यावा, पुन्हा चढवावी, असं दारातच तीनदा झालं. जयाबाई कट्ट्यावरून बघतच होती.

"आक्का, शाळेला निगालीस व्हय गं? पाटी घेतलीस न्हवं?"

"घेतली. तूबी चल, पहिलीत बसू," धोंडूबाई म्हणाली, पण हसली नाही.

कर्नाटकात बायकांना सरकारी बसचं तिकीट नसल्यापासून बसला पाय ठेवायला जागा नसते. पण वीरेंद्र म्हणाला होता ते खरं होतं. दोन्ही हातांनी दांडी धरता आली. बाजारात तिनं मेथी घेतली, गवारी घेतली, म्हशीला दावं घेतलं. निपाणीच्या त्या गल्लीत तंबाखूचा वास नाकात बसतो. एरवी तिथं तिला शिंका यायच्या. आज त्याही आल्या नाहीत. पाठीवरचं ओझं हळूहळू वाढत होतं, पण ते दिसत नव्हतं, आणि न दिसणाऱ्या ओझ्याची तिला आता सवय झाली होती.

बाजार आटोपून ती तिथल्या बस्तीत गेली. बस्तीच्या दाराशी एक दगडी कट्टा आहे. चामडं आत न्यायचं नाही, म्हणून पुरुषमाणसं कमरेचे पट्टे आणि पाकिटं तिथं काढून ठेवतात. धोंडूबाईनं सॅकही तिथंच ठेवली. तेवढ्यात भावकीतली अनुराधा दर्शन करून बाहेर आली. ती निपाणीतच शाळेत शिकवते.

"काकू, भाजीची सॅक भाईर का ठेवताय? गाय तोंड घालंल की."

"काय बाई, कशात चामडं असतंय नि कशात नसतंय, मला काय कळतंय."

अनुराधानं सॅक उलटीसुलटी केली आणि ती हसली. "अवं, हीच सॅक माझ्याकडं हाय. ही बघा." कट्ट्यावरची आपली सॅक तिनं शेजारी मांडली. तोच रंग, त्याच चेना. फक्त वरच्या अंगाला, बरोबर त्या चौकोनाच्या जागी, कंपनीचं नाव ठसवलेला एक तपकिरी तुकडा होता. "ह्यो चामड्याचा हाय. ह्येच्यापायी मला रोज भाईर ठेवाय लागती. मी ब्लेडनं काढाय गेलते, पर आधी गोंदानं चिकटवून मग शिवलाय त्यो. कापडच फाटाय लागलं, तवा सोडून दिलं. तुमचा कुणी काढला? लई नेटानं काढलाय."

 वेड्यावाकड्या टाक्यांवर धोंडूबाईनं बोट ठेवलं. वीरेंद्रला कधी शर्टाचं बटण लावता आलं नव्हतं. कॉलेजात असतानाही बटणं तुटलेले शर्ट तो शनिवारी घरी घेऊन यायचा.

सॅक पाठीवर घेऊनच ती आत गेली. देवासमोर उभी राहून तिनं णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली आणि मधेच पुढचं आठवेना. बाहेर येऊन तिनं जयाबाईला फोन केला. "म्हशीची धार तेवढी काढ गं. मी बेळगावला चाललीया."

वाटभर ती खिडकीतून बघत होती. पोटच्या पोराला काय म्हणायचं, हे तिला सुचत नव्हतं. चुकलं, असं ती आजवर कुणाला म्हणाली नव्हती. आणि म्हणायचं तरी ते आतून यायला हवं. आत हात घातला तर तिथं काही लागतच नव्हतं.

टिळकवाडीत दार सौम्यानं उघडलं. "आत्ती! एकट्याच आलासा?" तिनं सासूला पाणी आणलं, सॅक उतरवायला हात पुढे केला. पण धोंडूबाई नको म्हणाली आणि सॅकसकट खुर्चीच्या कडेवर टेकली. वीरेंद्र कामावरून आला तेव्हाही ती तशीच बसलेली होती.  तो चप्पल काढून पुढे आला, खाली बसला आणि तिच्या खांद्यावरचे पट्टे सैल करू लागला.

"का सांगितलं न्हाईस?" ती म्हणाली.

"काय सांगायचं त्येच्यात?"

"चामडं काडल्यालं. मी टाकून बोलले तुला. नगं नगं ते बोलले."

वीरेंद्र पट्ट्याशी खटपट करत राहिला. "बोललीस ते लई बरं झालं," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"आप्पा गेल्यापास्नं तू माझ्यावर एकदाबी वराडली न्हाईस. फोन केला की व्हय, न्हाय, बघू. मला वाटायचं, आप्पा गेलं नि आईबी गेली. त्या दिवशी तू फोनवर भांडलीस. फोन ठिवून मी सौम्याला म्हटलं, आई हाय अजून. मग कशाला सांगू? तुजा राग गेला असता की."

धोंडूबाई त्याच्याकडे बघत राहिली. सौम्या स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. 

"वीरेंद्रा," धोंडूबाई म्हणाली, "तुजं आप्पा गेलं रं."

आप्पांना अग्नी वीरेंद्रनंच दिला होता. तरीही आईच्या तोंडून तो हे पहिल्यांदाच ऐकत होता. "व्हय आई, गेलं," तो म्हणाला, आणि मग दोघंही रडायला लागली.