तात्यांच्या विहिरीतलं भुयार

बुडी एक मारावी अन् किस्से दहा निघावेत, असं आमचं चाललंय. मोजायला गेलो तर आम्ही तिघंच. तात्या म्हणजे नेकनूरकडचे शेतकरी, लोकांच्या विहिरीत पडलेल्या मोटारी काढण्यात आयुष्य गेलेलं. रफिक वेल्डर. अन् मी शाळेवरचा मास्तर, पोहता येतं म्हणून ह्यांच्यात सापडलो.

तात्यांच्या विहिरीत पाण्याखाली दगडी भुयार आहे. ते कुठं जातं हे शोधायचं आम्ही मनावर घेतलं. आम्हा दोघांची हौस होती, तात्यांचं तसं नव्हतं. बांधापलीकडची विहीर त्यांच्या थोरल्या भावाची, आण्णांची. "माझं पाणी तू भुयारातून वढतोस," असं आण्णा एकदा भर पारावर बोलले, अन् दहा वर्षं झाली, दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. भुयार दुसरीकडं निघालं की आण्णा खोटे पडणार. तात्यांना तेवढंच पाहिजे होतं.

*

खबर फुटली अन् गावातले सगळे जाणकार काठावर हजर! एक म्हणाला, भुयार देवगिरी किल्ल्यात निघतं. दुसरा म्हणाला, कपिलधारच्या धबधब्यामागं. आमच्या जिल्ह्यात जवळ निघणारं भुयारच नसतं. एका म्हाताऱ्यानं तर पुरावा दिला. त्याच्या आज्यानं ह्याच भुयारात शेळी सोडली होती, ती सातव्या दिवशी कपिलधारला निघाली.

रफिकनं विचारलं, "पाण्यातून?"

म्हातारा खवळला. "तवाच्या शेळ्या येगळ्या व्हत्या बे!"

*

तात्यांना धीर यावा म्हणून मी मोबाईलवर आयर्लंडचे व्हिडिओ दाखवले. तिकडं डोंगराच्या पोटात पाण्यानं भरलेल्या गुहा आहेत. लोक पाठीवर सिलिंडर बांधतात अन् दोरी सोडत सोडत अंधारात आत जातात. पाणी बर्फासारखं गार. तात्यांनी तीनदा बघितलं.

"सर, ह्यांची मोटार पडलीय का आत?"

"नाही."

"मग कुणी बुडालंय?"

"नाही हो तात्या."

"मग कावून उतरलेत हे येडे?"

पण त्यांची दोरीची रीत तात्यांना पटली. आम्ही तीच धरली.

*

सिलिंडर, चष्मा पुण्याहून जुना मिळाला. शिकवणाराही तिथलाच, त्यानं चार दिवस तलावावर आमच्याकडून घोटून घेतलं. राहिला कमरेचा वजनाचा पट्टा, कारण वजनाशिवाय माणूस खाली टिकत नाही. रफिक म्हणाला, "उसमें क्या है!" अन् आडतवाल्या अप्पांची कांदे मोजायची लोखंडी वजनं त्यानं पट्ट्याला अडकवली. अप्पांना विचारायचं तेवढं राहून गेलं.

तात्या भुयारात शिरले अन् अर्ध्या घटकेत अप्पा सायकलवर आले, घामाघूम.

"माझी वजनं कुठंयत?"

रफिकनं विहिरीत बोट दाखवलं.

"आरं, गिऱ्हाईक खोळंबलंय! तात्याला वर काढा!"

*

दोरीची भाषा सोपी होती. एक हिसका म्हणजे ठीक, तीन म्हणजे ताबडतोब माघारी. वरचं टोक काकींच्या हातात. काकी म्हणजे तात्यांच्या मालकीण. "दोरी माझ्याकडं, न्हाईतर बुडी न्हाई," ही त्यांची अट.

एकदा तात्या चांगले आत गेलेले, अन् काकींनी तीन हिसके दिले! तात्या बिचारे धडपडत माघारी फिरले, वर येऊन काठाला लोंबकळले. तोंडचं पाणी पळालेलं.

"काय झालं? काय झालं?"

"पाव्हणे आलेत. तोंड दाखवून जावा."

*

अन् हा किस्सा यंदाचा, पोळ्यानंतरचा. विहीर तुडुंब होती. तात्या आत गेले, दोरी सरसर सुटत गेली, नेहमीच्या खुणेच्याही पुढं, अन् एकदम थांबली. काकींनी एक हिसका दिला. उत्तर नाही. तीन दिले. उत्तर नाही. रफिक छातीभर पाण्यात उतरला, पण दुसरा सिलिंडर होता कुठं? ते व्हिडिओ दाखवणारा मीच होतो.

काकींनी दोरी रफिककडं फेकली अन् अनवाणीच पळत सुटल्या, बांध ओलांडून आण्णांच्या रानात. दहा वर्षांत त्यांनी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. मी मागं.

आमच्याकडं शेतीची लाईट ठरल्या तासांचीच येते. त्या तासांत मोटार बंद करील असा शेतकरी मी पाहिलेला नाही. शिवारात सगळ्यांच्या मोटारी घरघरत होत्या, आण्णांनी तेवढी बंद केलेली. आण्णा पायरीवर उकिडवे बसले होते, पाण्याकडं बघत. पाण्यावर बुडबुडे येत होते.

काकी तशाच पायऱ्या उतरायला लागल्या. आण्णांनी वर न बघता नुसता हात केला, थांब म्हणून.

बुडबुडे वाढले. मग बॅटरीचा उजेड दिसला, मग तात्यांचं डोकं वर आलं. दोरी कुठंतरी दगडात अडकली होती, ती सोडून देऊन ते पुढं आले होते. तोंडातली नळी काढून त्यांनी श्वास घेतला, चष्मा वर केला, समोर बघितलं. भाऊ!

तात्याच पहिल्यांदा बोलले, "आण्णा, तुझंच खरं निघालं. भुयार तुझ्याच हिरीत येतंय."

आण्णा दोन पायऱ्या पाण्यात उतरले अन् हात पुढं केला.

"वर ये आधी. मग भांडू."