काउंटरपलीकडची माय

दुकानात नवी मुलगी कामाला लागली की तिला शिकवायचं काम माझ्याकडे येतं. मालकांना वाटतं, मला शिकवायची हौस आहे. हौस वगैरे काही नाही. सोळा वर्षं एकाच काउंटरमागे उभं राहिल्यावर माणसाला कुठलं तरी जादा काम चिकटतंच, तसं हे मला चिकटलं. सकाळी बदनापूरहून निघायचं, दहाच्या आत जालन्याला पोचायचं, दुकानाची साडी नीट चापून घ्यायची आणि समोर जी कोणी नवी असेल तिला घेऊन बसायचं. पहिल्या दिवशी मी तिला एकही दागिना दाखवत नाही. आधी शब्द.

गिऱ्हाइकासमोर दागिना म्हणायचं, आपसात म्हणायचं नग. जुनं सोनं आलं की ती मोड. मोड देऊन पैसे न घेता नवा नग नेला तर तो बदल. घडवायची मजुरी ती घडणावळ, आणि आटवण्या-घडवण्यात जे सोनं कमी होतं ती घट. गिऱ्हाईक घडणावळीवरून भांडतं आणि घटीवरून संशय घेतं. दोन्ही हसून ऐकायचं. खडे, लाख, मणी, दोरा असलं सगळं काढल्यावर जे उरतं ते निव्वळ वजन. मुलींना वाटतं हे फार अवघड आहे. आठवड्याभरात त्या घरी जाऊन नवऱ्यालाही घडणावळ ऐकवायला लागतात.

अवघड असतं ते काय बोलायचं नाही हे. कुणाचं मंगळसूत्र तुटून दुरुस्तीला आलं तर तुटलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. कुणी हलक्या वजनाचा नग मागितला तर हलका म्हणायचं नाही, रोजच्या वापरातला म्हणायचं. आणि बाईनं मंगळसूत्र मोडीला आणलं तर कारण विचारायचं नाही. पहिल्याच वर्षी मी एका काकूंना मोठ्या उत्साहानं विचारलं होतं, "नवीन डिझाइन करायचं का?" त्या काउंटरवर डोकं टेकून रडायलाच लागल्या. मालकांनी मला पाणी आणायला पिटाळलं आणि त्या गेल्यावर जी खरडपट्टी काढली ती अजून माझ्या कानात आहे. तेव्हापासून मी विचारत नाही. वजन करते, मशीनवर शुद्धता दाखवते, चहा मागवते. विचारत नाही. या बाबतीत माझा हात धरणारं दुकानात दुसरं कोणी नाही, असं मालक चारचौघांत सांगतात.

वडील गेले ते केदारखेड्याला, घरीच. आजारी नव्हते. सकाळी गोठ्यातून आले, बाजेवर बसले आणि गेले. मी दुपारी पोचले तेव्हा अंगणात बायका बसल्या होत्या. एकेक जण माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि मला मात्र त्यांच्या अंगावरचे नग दिसत होते. आत्याच्या कानातली फुलं पोकळ आहेत, चुलत वहिनीच्या माळेतला एक पदर नंतर जोडलेला आहे, हे मला त्या वेळी दिसलं. लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. आतून सगळं बधिर झाल्यासारखं होतं, दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात तसं.

मायच्या गळ्यातली पोत त्याच दिवशी उतरवली. आमच्याकडे मंगळसूत्राला पोतच म्हणतात. काळे मणी आणि मधे सोन्याच्या दोन वाट्या, एक माहेरची, एक सासरची. कोणीतरी ती एका स्टीलच्या छोट्या डब्यात घालून मायच्या मांडीवर ठेवली आणि मायनं डबा पदराखाली घेतला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर होते. लग्नसराई होती, सुट्टी मागायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही नको होती. तिथं उभं राहिलं की तोंड आपोआप चालतं.

दीड-दोन महिन्यांनी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ; माय त्याच्याकडेच असते. त्याच्या मुलीची सोयरीक जुळली होती. साखरपुड्याला पोरीच्या कानात काहीतरी चांगलं हवं, तर मायची पोत मोडून झुमके करावेत, असं त्याच्या मनात होतं. म्हणाला, "तशी बी डब्यातच पडून राह्यली. आजीचं सोनं नातीच्या अंगावर राहील."

"माय काय म्हणते?" मी विचारलं.

"माय व्हय न्हाई म्हनंना. बाईला इचारा म्हन्ती, बाई म्हनल तसं. मी म्हन्लं भोकरदनला करून टाकू, जल्दी होईल. ऐकलंच न्हाई. जालन्यालाच जायचं म्हन्ती."

बाई म्हणजे मी. मला बरं वाटलं. सोन्यातलं मला कळतं म्हणून मायला माझा भरवसा, असं मला वाटलं. पोत राहणार की जाणार, ते माझ्या एका शब्दावर आहे, हे दादानं बरोबर सांगितलं होतं आणि मी ते कानावर पडून जाऊ दिलं. मी म्हणाले, "आणा की. माझ्यासमोर होईल. घडणावळीतही सूट देतील."

ते दोघं एसटीनं आले. सोळा वर्षांत माय पहिल्यांदा माझ्या दुकानात येत होती. तिनं चपला बाहेर, अगदी पायरीच्या खाली काढल्या. कुणी चपला काढत नाही, हे मी तिला सांगितलं तरी काढल्या. आतल्या गारव्यानं तिनं पदर अंगाभोवती ओढून घेतला. गिऱ्हाइकांची गोल फिरणारी खुर्ची तिच्याखाली हलली तशी तिनं दोन्ही हातांनी काउंटर धरला. दादा तिच्या शेजारी बसला. मी पलीकडे.

मायनं कमरेचा रुमाल सोडला, रुमालातला डबा काढला, डब्यातली पोत. दादा म्हणाला, "सगळ्या रस्त्यानं डब्यावर हात धरून. मी मागितला तर देईना." तिनं पोत माझ्यासमोरच्या मखमली ट्रेमध्ये ठेवली आणि बोट त्यावरच राहू दिलं. मला ते बोट दिसलं. असं बोट ठेवणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. अशा वेळी घाई करायची नसते, पण फार थांबायचंही नसतं. मी ठरलेल्या आवाजात ठरलेलं वाक्य म्हणाले, "मोड द्यायची, की बदल करायचा आपल्याला?"

दादा खो खो हसला. "मायला आपल्याला म्हन्ती व्हय गं!" शेजारच्या काउंटरवरची मुलगीही हसली. मीही हसले. माय हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"तू सांग," ती म्हणाली.

"बदलच बरा. पैसे घेऊन परत सोनं घेण्यात काही अर्थ नाही."

"बरं," माय म्हणाली आणि बोट उचललं.

पोतीला कात्री लावताना आम्ही ती गिऱ्हाइकासमोर धरत नाही, काउंटरच्या खाली धरतो. मुलींना मीच हे शिकवते. मायची पोत मी खाली धरली आणि दोरा कापला. मणी खालच्या बशीत पडले, त्यांचा आवाज मात्र लपवता येत नाही. दोन्ही वाट्यांना पोचे पडले होते. एका वाटीची कड झिजून पातळ झाली होती. मशीनवर ठेवल्या, आकडे आले. ते मी दादाला नीट समजावून सांगितले. जुन्या कामात जोड द्यायला डाक, म्हणजे सांध्याचा हलका धातू, जास्त वापरायचे, म्हणून शुद्धता जरा कमी येते, निव्वळ वजनही अंदाजापेक्षा कमी भरलं.

"चाळीस वर्सं गळ्यात घासली," माय म्हणाली. "कमी व्हायचीच."

आमच्या दुकानात मोड गिऱ्हाइकासमोरच आटवतात. मागच्या बाजूला काचेची खोली आहे, तिथं छोटी भट्टी आहे. नंतर कुणी म्हणायला नको की आमचं सोनं बदललं, म्हणून गिऱ्हाइकानं काचेपाशी उभं राहून बघायचं, असा नियम. मी मायला हाताला धरून तिथं नेलं. "बघ, तुझ्यासमोर होतंय सगळं," म्हणाले. आता हे लिहिताना मला स्वतःचा राग येतो. मी तिला ते बघायला लावलं. दादा मागे झुमक्यांचे ट्रे बघत थांबला होता, त्यामुळे काचेपाशी आम्ही दोघीच होतो.

आटणीचे कारागीर शांत गृहस्थ आहेत. त्यांनी दोन्ही वाट्या चिमट्यानं उचलल्या, मुशीच्या तोंडाशी नेल्या आणि मान वर करून मायकडे पाहिलं. ते प्रत्येकाला विचारतात तसं त्यांनी विचारलं, "टाकू का?"

मायनं माझ्याकडे पाहिलं.

किती वेळ पाहिलं, मला सांगता येणार नाही. फार नसेल. एखादा श्वास, दोन श्वास. मला वाटलं, तिला काचेतून नीट ऐकू आलं नाही, किंवा परक्या पुरुषाशी बोलायचा संकोच असेल. बायका संकोचल्या की त्यांच्या वतीनं आपण बोलायचं, तेही माझं नेहमीचंच काम.

"टाका," मी म्हणाले.

वाट्या काही क्षण तशाच्या तशा दिसत होत्या, लाल. मग एक बसली, मग दुसरी, आणि मग वेगवेगळ्या अशा राहिल्या नाहीत. मायनं पदराचं टोक नाकाशी धरलं होतं. वासानं असेल असं मला वाटलं. मला काय वाटलं, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर हे की काहीच नाही. घट फार येऊ नये एवढं मनात होतं. आली नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. दादाला झुमके कळत नव्हते, तो आपला जड दिसतील ते उचलत होता. मी ट्रे काढून त्यातून एक जोड निवडून दिला, खाली बारीक मोत्यांचा घेर असलेला. मायला मणी हवेत का विचारलं. ती "दे" म्हणाली. ते मी कागदात बांधून दिले. चहा झाला. पायरीवर तिनं चपला घातल्या, मला म्हणाली, "जेवलीस का?" मी हो म्हणाले. जेवले नव्हते. पुढचं गिऱ्हाईक खुर्चीवर येऊन बसलं होतं.

साखरपुडा छान झाला. दादानं हौसेनं केला. त्यानंतर मी केदारखेड्याला निवांत अशी गेले ती थेट थंडीत, तुरीच्या शेंगा आल्यावर. दुपारी माय ओसरीत शेंगा सोलत बसली होती, मीही समोर बसले. दादा-वहिनी शेतात होते. उन्हात मायचा गळा दिसत होता. पोतीच्या जागी कातडीवर फिकट पट्टा होता, बाकी गळा रापलेला. मला तो बघवेना. मी म्हणाले, "माय, गळा मोकळा बरा नाही दिसत. मी एक साखळी करते तुला. रोजच्या वापरातली."

"नको."

"अगं, मला सूट असते."

"नको म्हन्लं ना." पुढची शेंग उचलत ती म्हणाली, "भोकरदनला सोनार न्हाईत का?"

"आहेत की. का?"

"मंग मी तुह्याकडं कामून आल्ते?"

तिचे हात चालूच होते.

"मला वाटलं, तू न्हाई म्हनशील," माय म्हणाली. "बाई म्हनल, राहू द्या मायची पोत. तू म्हन्ली असतीस तर दादानं ऐकलं असतं. तुला सोन्यातलं कळतं."

"तू सांगायचंस ना मला. फोनवर सांगायचंस."

"फोन त्याचाच. दुकानात बी त्यो बाजूला बसल्ता." तिनं सोललेले दाणे सुपात सारले. "आन् मला त्याच्याच घरात राह्यचं हाय, बाई. मी न्हाई म्हन्ले असते तर नातीला न्हाई म्हन्ल्यासारखं झालं असतं. तू म्हन्ली असतीस तर तसं झालं नसतं. भट्टीपाशी तर आपण दोघीच व्हतो. तिथं तर मला वाटलंच, आता इचारती."

"माय, मी विचारलंच नाही."

"न्हाई इचारलं," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात.

तेव्हा मला रडू आलं. वडील गेल्यापासून पहिल्यांदा, आणि वडिलांसाठी नव्हे. मी तोंडात पदर कोंबून रडले. रस्त्यानं कोणी जात असेल तर दिसेल याचंही भान नव्हतं. मायनं मला जवळ घेतलं नाही. तिनं माझ्या पुढ्यातल्या शेंगा ओढून स्वतःकडे घेतल्या आणि त्याही सोलायला लागली.

"रडू नको," ती म्हणाली. "पोरीच्या कानाला लई शोभत्यात."

शोभतात, हे खरंच. मीच निवडून दिले होते.