हरणामागची माती

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरीणबाईंनी मला शिडी चढायला कायमची बंदी केली. घरातली तीन पायऱ्यांची घडीची शिडी चालेल म्हणाल्या, मचाणाची नाही. इथे जर्मनीत मचाणाला होखझिट्स म्हणतात. चार मीटर उंचीवर लाकडी खोपटं, तीन बाजूंना खिडक्या, बसायला फळी आणि चढायला जवळजवळ सरळ उभी शिडी. स्टुटगार्टपासून तासाभरावरच्या एका रानात अशा खोपटात बसून मी चार वर्षं शिकार केली होती.

शिकार कशाला करतेस, असं ओळखीचे लोक विचारतात. मी मांस खाते, तेव्हा मारण्याचं कामही जमायला हवं, एवढंच माझं उत्तर आहे. नवरा खात नाही. फ्रीझरचा वरचा खण त्याच्या मटारांचा, खालचा माझा.

शिकारीचा परवाना माझ्याकडे होता, पण नुसत्या परवान्यावर काही होत नाही. कोणाच्या तरी रानात बसायची लेखी परवानगी लागते. माझ्या परवानगीवर सही होती सत्तरीतल्या एका म्हातारबुवांची. ते रान त्यांनी भाडेपट्ट्याने घेतलं आहे. दर वर्षी ठरलेली हरणं कमी करावी लागतात, नाहीतर ती नवी रोपं कुरतडतात आणि वनखातं म्हातारबुवांना जाब विचारतं. त्यामुळे शोभेची माणसं त्यांना नको असतात.

“शिडी नाही, तर जमिनीवरून बसा,” ते म्हणाले. “दोन सकाळी देतो. जमलं तर ठीक. नाहीतर एकजण वर्षभर या जागेसाठी थांबलाय.”

दुसरं रान मिळणं माझ्या वयात आणि माझ्या गुडघ्यासकट अवघड होतं. ही जागा गेली असती तर परवाना ड्रॉवरमध्ये पडून राहिला असता.

मचाणावरून गोष्टी सोप्या असतात. आपला वास बराचसा हरणांच्या डोक्यावरून जातो, हात हलला तरी ती सहसा वर बघत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोळी वरून खाली जाते आणि चुकली तरी जमिनीत घुसते. जमिनीवरच्या आडोशातून गोळी आडवी जाते. हरणामागे चढ किंवा बांध नसेल तर ती कुठपर्यंत जाईल याचा भरवसा नाही. आडोशाचे फायदे दोनच. चढावं लागत नाही, आणि पडण्याची भीती नाही.

मी एका गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत चाचणी विभागात आहे. मोजमाप हे माझं कामच. कुरणाच्या कडेला जागा निवडली, पलीकडे चढ आहे हे उभं राहून पाहिलं, पावलं मोजली. फांद्या, जुनी जाळी आणि एक स्टूल, एवढ्यात आडोसा तयार झाला.

पहिल्या सकाळी साडेपाचला एक रेह आला. रेह म्हणजे इथलं बकरीएवढं हरीण. हा नर होता. पन्नास पावलांवर त्याने नाक वर केलं, कुत्र्यासारखा भुंकला आणि गेला. मी जराही हलले नव्हते. वाराही माझ्याकडून त्याच्याकडे वाहत होता असं म्हणता येणार नाही, जेमतेम झुळूक होती.

म्हातारबुवा गाडीपाशी थांबले होते. त्यांनी माझ्या जॅकेटच्या बाहीचा वास घेतला.

“काल काय शिजलं घरात?”

“आमटी. डाळीची.”

“आल्झो, म्हणजे त्यालाही कळलं ते.”

जॅकेट चार वर्षं स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या खुंटीवर लटकत होतं. रोजची मोहरी-हिंगाची फोडणी त्यात मुरली होती. मचाणावर ते खपून गेलं. जमिनीवर ती हिंगाची डबी उघडून बसण्यासारखं झालं. घरी येऊन मी जॅकेट बिनवासाच्या साबणाने धुतलं, दोन दिवस बाल्कनीत वाळवलं आणि तळघरात टांगलं.

“म्हणजे आता माझ्या फोडणीचा दोष,” नवरा म्हणाला.

“दोष खुंटीचा आहे. तू फोडणी घाल.”

पुढच्या आठवड्यात, ठरलेल्या दुसऱ्या सकाळी म्हातारबुवा माझ्याबरोबर आडोशात बसले. बोलले नाहीत, त्यांनी थर्मासही उघडला नाही. सहाच्या सुमाराला तसाच एक नर बाहेर आला आणि साठ पावलांवर आडवा उभा राहिला. मी बंदूक टेकवली, दुर्बिणीतून पाहिलं. खांदा स्वच्छ दिसत होता. खांद्याच्या वरही आकाश, पोटाखालीही आकाश.

कुरणाच्या मध्ये, नर उभा होता तिथे, एक उंचवटा होता. उभं राहिल्यावर तो जाणवत नाही. स्टुलावर बसल्यावर मात्र पलीकडचा चढ त्याच्यामागे पूर्ण झाकला जातो. मी पाहणी उभ्याने केली आणि शिकार बसून करणार होते. कामावर एखाद्याने अशी चाचणी केली असती तर मी त्याला परत पाठवलं असतं.

नर बराच वेळ चरला. मी बोट चापाला लावलं नाही. तो निघून गेल्यावर म्हातारबुवांनी विचारलं, “का?”

“मागे माती नव्हती.”

ते माझ्या स्टुलावर बसले, डोकं खाली घालून एक डोळा मिटून पाहिलं.

“जागा कोणी निवडली?”

“मी. चुकीची निवडली.”

“गेनाऊ. बरोबर.” ते उठले. गाडीपर्यंत आम्ही चालत गेलो. परवानगीच्या कागदाचं पाकीट त्यांनी टपावर ठेवलं तेव्हा मी पेन शोधायला लागले, कारण परत करतानाही सही लागते.

“पेन कशाला?” ते म्हणाले. “जो थांबलाय ना, तो चटकन गोळी घालतो. मी त्याच्याबरोबर एकदा बसलोय. तुम्ही आडोसा खालच्या खळग्यात हलवा. पण या वेळी बसून बघा, फ्राउ इंजिनिअर. ऑक्टोबरपर्यंत एक नर हवा, नाहीतर मग बोलू.”

शनिवारी नवऱ्याला घेऊन गेले. जाळी आणि फांद्या आम्ही चाळीस पावलं खाली ओढल्या. मग मी स्टुलावर बसले, हातात नुसती दुर्बीण, आणि त्याला कुरणात पाठवलं.

“मी हरीण व्हायचं?” तो लांबून ओरडला.

“ओणवा हो. आता उजवीकडे.”

“शाकाहारी माणसाची काय ही दशा.”

“हरीणही शाकाहारीच असतं. अजून दहा पावलं.”

डावीकडच्या ओकच्या झाडापासून उजवीकडच्या कुंपणापर्यंत त्याच्यामागे सगळीकडे माती दिसली. कुंपणाच्या पुढे गेल्यावर त्याच्या पाठीमागे आकाश आलं. तिथे त्याला थांबायला सांगितलं आणि खुंटी ठोकायला लावली. खुंटीच्या उजवीकडे हरीण असलं तर बंदूक उचलायची नाही.