जरा वाईट व्हा, काका!

इंद्रपुरीच्या मैदानावर ती रोज सकाळी आपला झिपरा कुत्रा घेऊन यायची. नाव मी विचारलं नाही. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेली. कुणी जवळून गेलं तरी दचकायची. आता स्वतःच्या रक्षणासाठी ती त्या लाडक्यालाच तयार करत होती. शिकवणारे मास्तर रविवारीच येत. एरवी सरावाचा गुंड मी. हाताला गोधडी गुंडाळून मी धावून गेलो की कुत्रा शेपूट हलवत माझा हात चाटायचा.

"काका, जरा वाईट व्हा ना!" ती वैतागायची.

एके दिवशी मी खरंच डोळे वटारले. कुत्रा आमच्यामध्ये उभा राहून गुरगुरला. आणि त्याच्यामागून, जराही न दचकता, खऱ्या गुंडाला दरडवावं तशी ती हिंदीत गरजली, "वहीं रुक जाओ!"

मी जागीच थबकलो. मग ती खळखळून हसली.

कुणी अंगावर ओरडल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.