नाशकात कुणी नाही

"आणि ती तिकिटं कुणी विकली, बाबा? तुम्हीच ना? अख्ख्या ऑफिसच्या गळ्यात मारलीत!" इरा म्हणाली.

"तिकिटं विकणं वेगळं आणि तिथे जाऊन उभं राहणं वेगळं," उपेंद्र म्हणाला. त्याचा आवाज चढला की तो चष्मा काढून हातात धरत असे. आत्ता तो हातातच होता. "मदत करायची होती, केली. पैसे जमले, पोचतील. आता त्या माणसांपुढे जाऊन नाचायचं हे तुमच्या बाईंच्या डोक्यात कुठून आलं?"

"त्यांच्यासमोर नाही, त्यांच्या मुलांसमोर. ती मुलं आठवडाभर एका व्हरांड्यात बसून आहेत."

"बसू देत. बसल्यानं कुणी मरत नाही."

"सुरतेची माणसं म्हणजे काय वाघ आहेत का, बाबा?"

"वाघ परवडला," आतून माई म्हणाल्या. "वाघ निदान दिसतो तरी. आणि पितृपंधरवड्यात पोरीच्या पायात घुंगरू बांधलेत, तेव्हा कुणी मला विचारलं नाही. पानावर यायचं सोडून तुझे आजोबा त्या मंगल कार्यालयात नाच बघत बसले असतील."

"मग बरंच झालं की, माई. आजोबांना आवडायचा नाच. तुम्हीच सांगता."

सुधा ओट्याशी उभी राहून पिण्याचं पाणी दुसऱ्यांदा उकळत होती. एकदा उकळलेलं पाणी गाळताना तिच्या मनात आलं होतं की गाळणं नीट धुतलंय की नाही, आणि मग ते सगळं पाणी पुन्हा गॅसवर चढलं होतं. बाहेरचं भांडण तिला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. एरवी ती केव्हाच हात पुसत बाहेर आली असती आणि नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली असती. आज ती आली नाही.

चौऱ्याण्णव सालचा सप्टेंबर होता. सुरतेत प्लेगची साथ आल्याची बातमी फुटली आणि दोन दिवसांत सुरत रिकामी व्हायला लागली. रेल्वेने, एसटीने, ट्रकच्या टपावर बसून माणसं गावाकडे पळाली. नाशिक वाटेतच. गंगापूर रोडच्या औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिसेनाशा झाल्या. नाकाला रुमाल न बांधता कुणी दूध आणायलाही जाईना. पोरांच्या गळ्यात कापराच्या पुरचुंड्या आल्या. रोज सकाळी कुणाला तरी कुठे तरी रोगी सापडायचा आणि संध्याकाळी ती अफवा ठरायची, पण संध्याकाळपर्यंतचा दिवस तर काढावा लागायचाच.

सुरतेहून आलेल्यांपैकी ज्यांना पुढे जाता येईना, त्यांना दिंडोरी रोडकडच्या एका शाळेत ठेवलं होतं. त्यांच्या मदतीसाठी इराच्या कथकच्या क्लासने तिकीट लावून कार्यक्रम केला. क्लासच्या मोहिनीबाईंना लोकांनी सांगून पाहिलं की हे दिवस नाचगाण्याचे नाहीत. बाई म्हणाल्या, भूक पंचांग बघत नाही. कार्यालयाच्या मालकाने तर हॉल फुकट दिला. "या पंधरवड्यात कोण लग्न लावतंय? नाहीतर उंदीरच नाचतात तिथे," असं बोलून गेला आणि जीभ चावली. त्या आठवड्यात उंदराचं नाव विनोदातही घेत नसत.

हॉल भरला. लोक नाकाला रुमाल बांधून बसले होते आणि तसेच टाळ्या वाजवत होते. मधल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना ठसका लागला, तेव्हा रंगमंचावर मुली चक्कर घेत असताना सगळा हॉल त्या गृहस्थांकडे वळून बघत होता. ते बिचारे उठून बाहेर गेले. परत आले नाहीत.

सुधा तेव्हा पहिल्या रांगेत होती. तिनेही मान वळवली होती.

सुधा भित्री म्हणूनच ओळखली जाई. गॅस बंद केलाय का हे बघायला ती कोपऱ्यावरून परत येई. इराला ताप आला की तिच्या छातीवर हात ठेवून रात्र काढी. विंचूरला कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडे तिचे वडील दिवाणजी होते. आई लवकर गेली आणि धाकट्या भावाला, किशोरला, हिनेच वाढवलं. तिचं लग्न ठरलं तेव्हा किशोर शाळेत होता. तो पाठवणीच्या वेळी रडला नाही, नुसता तिच्या ट्रंकेवर बसून राहिला. चार माणसांनी उठवलं तेव्हा उठला. पुढे वडील गेले, विंचूरची खोली मालकाने परत घेतली, आणि किशोर कापडाला रंग देणाऱ्या एका गिरणीत नोकरीला लागला, आशाशी लग्न करून तिकडेच राहिला.

ती गिरणी सुरतेला होती.

साथीची बातमी आली त्या दिवसापासून सुधाने प्रत्येक पेपर वाचला. उपेंद्र म्हणायचा, "हुशार आहे तो, निघाला असेल कुठे तरी." तो 'कुठे तरी' म्हणाला की विषय संपायचा. 'इकडे' असं त्या घरात कुणीच म्हणत नव्हतं.

मग फोन आला. भरदुपारी. उपेंद्र ऑफिसात, माई झोपलेल्या, आणि समोर इरा घुंगरू न बांधता, नुसत्या पायांनी तत्कार करत होती.

"ताई, किशोर बोलतोय. नाशकातच, द्वारका चौकात उतरलोय, एका ट्रकने आलो धुळ्याकडून. आशा आहे बरोबर. तुझ्याकडे यायला कुठली..."

आणि मग तो खोकला. बराच वेळ.

सुधाने इराच्या पायांकडे बघितलं. ती काय बोलली ते तिला नंतर नीट आठवत नव्हतं, पण बोलली ती हे, की माईंना दमा आहे, इरा लहान आहे, घरात जागा म्हणजे तुला माहीतच आहे, तर चार दिवस दुसरीकडे कुठे जमतंय का बघ, मग ये.

"हो, हो. बरोबर आहे तुझं," किशोर म्हणाला. "मी आपला सहज केला फोन." आणि त्याने फोन ठेवला.

तो कुठून बोलला, कुठे जाणार, काही विचारायचं राहिलं. सुधाने कापसाच्या बोळ्यावर डेटॉल घेतलं आणि रिसीव्हर पुसला. दोनदा पुसला. फोनमधून रोग येत नाही हे कळण्याइतकी ती शिकलेली होती, तरी पुसला. घरात कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर फोन वाजला की ती दचकायची, आणि नाही वाजला की तो का वाजत नाही म्हणून रिसीव्हर उचलून बघायची.

"मी त्या बाईंच्या संमतिपत्रावर सही करणार नाही म्हणजे नाही!" बाहेर उपेंद्र म्हणाला. "दुसऱ्यांच्या आया काय करतात ते त्यांचं त्या बघतील."

सुधाने गॅस बंद केला आणि बाहेर आली.

"मी जाते तिच्याबरोबर."

इराने वळून पाहिलं. उपेंद्रने चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू ही बायको नीट बघून घ्यायला हवी.

"तू?" माई दारात येऊन उभ्या राहिल्या. "पाल पडली तर तीन दिवस खोली बदलणारी तू, तिकडे जाणार?"

"बाईंना कुणी तरी मोठं माणूस बरोबर हवं आहे," सुधा म्हणाली. "मी जाते, आणि घेऊन येते हिला."

उपेंद्र बोलायला गेला, पण त्याच्याजवळ सुधा भित्री आहे याशिवाय दुसरा मुद्दा नव्हता, आणि तोच मुद्दा समोर चपला घालत होता.

टेम्पोत मुली घुंगरांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तबलजी नव्हते. त्यांची पाठ सकाळीच अचानक धरली होती. "तबलजींची पाठ फार समजूतदार आहे," मोहिनीबाई म्हणाल्या. "तोंडाने बोल म्हणू आपण." मुली ओढणीआडून हसल्या. सुधाला हसू येईना. किशोर तिथे असला तर काय, ही भीती होती. नसला तर तो आहे कुठे, ही तिच्याहून मोठी.

शाळेच्या मैदानात कडुलिंबापासून झेंड्याच्या खांबापर्यंत एक दोरी बांधलेली होती. दोरीपलीकडे व्हरांडा, आणि व्हरांड्यात माणसं. सगळ्यांच्या तोंडाला फडकी. बायकांनी पदर दातात धरलेले. जयराम नावाचा तिथला कार्यकर्ता फिनेलचा वास मारत पुढे आला आणि त्याने मुलींना कुठवर जायचं ते दाखवलं.

मुलींनी मातीत घुंगरू बांधले. बाईंनी हातावर ताल धरला, "ता थेई थेई तत्" म्हणायला सुरुवात केली, आणि मातीचा धुरळा उडाला. सुधाने ओढून इराला मागे घ्यायला हात पुढे केला आणि तो तसाच खाली आणला. पलीकडची पोरं आधी घाबरून बघत राहिली. मग एका फ्रॉकवाल्या पोरीने अनवाणी पाय आपटून पाहिला. मग तिच्या भावाने. मग सगळा व्हरांडा दणदणायला लागला.

"पहिल्यांदाच आवाज केला बघा पोरांनी," जयराम म्हणाला. "तुमच्या मुलींच्या पैशांतून घोंगड्या, दूध येणार ते आहेच. पण हे बरं झालं."

"इथे... किती दिवस ठेवणार यांना?" सुधाने विचारलं.

"ज्यांचे नातेवाईक शहरात आहेत ते घेऊन जातात. सकाळी नऊला डॉक्टर येतात, तपासून चिठ्ठी देतात. आता राहिलेत ते, ज्यांचं नाशकात कुणी नाही."

"किशोर म्हणून आहेत का कुणी? बायको आहे बरोबर. आशा."

"किशोरभाऊ? आहेत की! पाणी तेच भरतात सगळ्यांचं." जयरामने व्हरांड्याच्या टोकाकडे बोट केलं. "त्यांचंही तसंच. पहिल्या दिवशीच सांगितलं त्यांनी. नाशकात कुणी नाही."

तोंडाला फडकं होतं तरी तिने त्याला ओळखलं. एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाच्या पंजाने पोटरी खाजवत होता. लहानपणी दम भरला की असाच उभा राहायचा. त्यानेही तिला पाहिलं आणि तो दोरीकडे आला, पण दोरीपासून चांगला लांब थांबला.

"ताई? तू कशाला आलीस इथे? मागे हो. अजून मागे हो जरा." मग तिच्या खांद्यावरून बघत म्हणाला, "इरा कुठली? ती कडेची? अरे, केवढी झाली! तुझ्यासारखीच मान वेळावते."

"खोकला कसा आहे?"

"हा होय? हा गेल्या वर्षाचा. रंगखात्यात सगळ्यांनाच असतो." बोलता बोलता त्याला उबळ आली. त्याने पाठ फिरवली, वाकून खोकला आणि पुन्हा वळला.

सुधा एक पाऊल मागे सरकली होती. तिने ठरवून केलं नव्हतं, पायांनीच परस्पर केलं. किशोरने तिच्या पायांकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे बघितलं.

तेवढ्यात आशा आली. उन्हाने काळवंडली होती, पण सुधाला बघून तिचा चेहरा असा उजळला की सुधाला तिच्याकडे बघवेना.

"वन्सं! म्हणजे लागला तर पत्ता तुम्हाला! हे म्हणाले, ताईचा फोन बिघडलाय, लागतच नाही. आणि पत्ता लिहिलेला कागद तर घाईत सुरतेलाच राहिला म्हणे. मी म्हटलं, गंगापूर रोडला जाऊन विचारत विचारत जाऊ, तर हे ऐकायलाच तयार नाहीत. झाला का फोन दुरुस्त?"

किशोर दोरीच्या गाठीकडे बघत होता.

"झाला," सुधा म्हणाली. "कालच झाला."

पुढे आणखी काही बोलणं झालं, पण सुधाच्या कानावर फक्त घुंगरं होती. परतताना टेम्पोत इरा तिला टेकून बसली आणि हळूच म्हणाली, "आई, तो मामा होता ना?" सुधाने तिच्या हातावर हात ठेवला. इराने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

घरी उपेंद्रने गरम पाणी काढून ठेवलं होतं. दोघींनी डोक्यावरून आंघोळ केली, कपडे सोड्याच्या पाण्यात उकळत घातले. सुधाने इराच्या गळ्याला हात लावून पाहिला, मग काखेत, मग पुन्हा गळ्याला. स्वतःचा घसा खवखवतोय का हे बघायला ती दोनदा आरशासमोर जाऊन आली. भीती कुठेही कमी झालेली नव्हती. उलट आता तिला चेहरा होता, खोकला होता.

जेवायला सगळे बसले. माईंनी आमटीचा भुरका घेतला आणि विचारलं, "मग? नाचून आलात? काय म्हणतात सुरतवाले?"

सुधाने उपेंद्रच्या पानात पोळी वाढली.

"किशोर आणि आशा तिथे आहेत," ती म्हणाली. "त्याचा फोन आला होता मला. मीच येऊ नको म्हटलं."

उपेंद्रचा घास हातात राहिला. "आणि हे तू आज सांगतेस? बरा आहे तो?"

"खोकतोय."

"सुधा, घरात लहान मूल आहे. माईंचा दमा..."

"सगळं माहीत आहे मला. तुमच्याहून जास्त घाबरलेय मी." तिने पोळ्यांचा डबा बंद केला. "उद्या सकाळी नऊला जाऊन मी दोघांना घेऊन येणार आहे. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. मागची खोली त्यांची. माई आणि इरा पुढे झोपतील. त्यांची भांडी वेगळी ठेवीन, पाणी उकळीन. दूधवाल्याला येतानाच सांगितलंय, उद्यापासून एक लिटर जास्त."